भंगारात न काढण्याची विद्या

संगणकाचे बटण दाबावे, पंखा फिरू लागावा, पण पडदा मात्र काळाच राहावा, हा अनुभव अनेकांनी घेतला असेल. अशा वेळी दोष कधी कधी मदरबोर्डवरच्या नखाएवढ्या बायोस चिपमध्ये असतो. संगणक सुरू होताना त्याला पहिल्या सूचना याच चिपमधून मिळतात. बायोस अद्ययावत होत असताना मध्येच वीज गेली, तर या सूचना अर्धवट राहतात. २६ एप्रिल १९९९ रोजी सीआयएच नावाच्या व्हायरसने जगभरातील असंख्य संगणकांच्या बायोसमधील मजकूर असाच बिघडवला होता. बोर्ड टाकून देण्याचा सल्ला अशा वेळी सहज मिळतो. जाणकार कारागीर मात्र ती चिप प्रोग्रामर नावाच्या छोट्या यंत्राला जोडतो, आतला मजकूर आधी उतरवून ठेवतो, त्याच मॉडेलची योग्य फाइल तिच्यावर पुन्हा लिहितो आणि ती नीट लिहिली गेली आहे ना, हे पडताळून पाहतो. मेलेला संगणक पुन्हा उठून बसतो.

बंद पडलेली वस्तू निकामी न मानता तिच्यातला नेमका दोष शोधायचा, ही वृत्ती सातारा-सांगलीच्या मातीत ज्यांनी कारखान्याच्या रूपाने उभी केली, त्या लक्ष्मणराव किर्लोस्करांचे या निमित्ताने स्मरण होते. यंत्र ही परदेशातून आणायची आणि बिघडली की टाकून द्यायची वस्तू आहे, असे त्यांनी कधी मानले नाही.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकलेच्या ओढीने ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. मात्र काही रंगांतला फरक त्यांच्या डोळ्यांना कळत नाही, हे लवकरच ध्यानात आले. चित्रकार होण्याची वाट तेथेच खुंटली. त्यांनी कुंचला ठेवला, पण पेन्सिल सोडली नाही. यंत्रांच्या आराखड्यांना रंग लागत नाहीत. लागते ती अचूक रेषा. यांत्रिक रेखाटन शिकून ते मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले.

नोकरीत असतानाच त्यांनी सायकलींचा व्यवसाय सुरू केला. ते मुंबईहून सायकली पाठवत आणि बेळगावात थोरले बंधू रामुअण्णा त्या विकत, गिऱ्हाइकांना चालवायलाही शिकवत. पुढे हक्काची बढती डावलली गेली, तेव्हा लक्ष्मणराव राजीनामा देऊन बेळगावला परतले. सायकलींपाठोपाठ कडबा कापण्याचे यंत्र आले आणि १९०३ साली त्यांचा पहिला लोखंडी नांगर तयार झाला. लोखंडाने जमिनीला विष बाधते, असा समज तेव्हा शेतकऱ्यांत होता. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षे लागली. त्या काळातही लक्ष्मणरावांनी नांगर मोडीत काढला नाही.

जम बसू लागला तोच नगरपालिकेने शहराच्या विस्तारासाठी कारखान्याची जागा घेतली. या वेळी मदतीला आले औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी. औंध आजच्या सातारा जिल्ह्यात आहे, पण संस्थानचा मुलूख विखुरलेला होता. आज सांगली जिल्ह्यात असलेल्या कुंडल रोड रेल्वे स्थानकाजवळची बत्तीस एकर जमीन त्यांनी देऊ केली. शिवाय दहा हजार रुपयांचे कर्जही दिले. जमीन ओसाड होती. सर्वत्र निवडुंग माजलेले आणि सापांचा सुळसुळाट. १० मार्च १९१० रोजी तेथे मुहूर्त झाला आणि मूठभर कामगारांच्या कुटुंबांसह किर्लोस्करवाडी वसू लागली. पुढे स्थानकालाही तेच नाव मिळाले.

खरी परीक्षा पहिल्या महायुद्धात झाली. परदेशी नांगर येईनासे झाले, त्यामुळे मागणी वाढली. पण लोखंड, कोळसा आणि रंग यांचीही आवक आटली. कारखाना बंद ठेवणे सोपे होते. लक्ष्मणरावांनी कोळशाऐवजी लाकूड जाळले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांकडून निकामी जुन्या तोफा मिळवल्या आणि त्या वितळवून त्यांचे नांगर केले.

माणसांच्या बाबतीतही त्यांचा हाच न्याय होता. शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर त्यांच्याकडे कल्पक यंत्रज्ञ म्हणून नावारूपाला आले. शिक्षा भोगून आलेल्या माणसांवर त्यांनी वसाहतीच्या राखणीची जबाबदारी सोपवली. ज्यांना समाज दारात उभे करत नव्हता, त्यांच्या हाती त्यांनी दाराची किल्ली दिली. अस्पृश्यतेला किर्लोस्करवाडीत थारा नव्हता.

१९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स ही कंपनी नोंदली गेली. त्याच वर्षी शंकरराव किर्लोस्करांच्या संपादनाखाली सुरू झालेले मासिक पुढे मराठी घराघरांत पोहोचले. पुत्र शंतनुरावांनी उद्योगाचा विस्तार पुणे आणि बंगळूरपर्यंत नेला. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ मध्ये, टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

आज बिघडलेल्या वस्तूची दुरुस्ती करण्यापेक्षा नवी घेणे सोयीचे वाटते आणि इलेक्ट्रॉनिक कचऱ्याचे ढीग वाढत जातात. प्रत्येक वस्तू वाचतेच असे नाही. पण आतला दोष न पाहताच ती टाकून देण्याची घाई लक्ष्मणरावांनी केली असती, तर निवडुंगाच्या त्या माळावर कारखाना उभा राहिला नसता. काळ्या पडद्याचा संगणक भंगारवाल्याला देण्यापूर्वी तो एकदा उघडून पाहावा, एवढे तरी त्यांच्या चरित्रातून घेण्यासारखे आहे.