एडवर्ड वॉशबर्न

एडवर्ड वाइट वॉशबर्न (१० मे, १८८१ – ६ फेब्रुवारी, १९३४) हे अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ होते. पदार्थातील सूक्ष्म छिद्रांचा आकार पाऱ्याच्या साहाय्याने मोजण्याची कल्पना त्यांनी १९२१ मध्ये मांडली. पारा-सच्छिद्रतामापक हे उपकरण याच कल्पनेवर आधारलेले आहे.

शिक्षण आणि अध्यापन

वॉशबर्न यांचा जन्म नेब्रास्का राज्यातील बिॲट्रिस येथे झाला. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधून १९०८ मध्ये डॉक्टरेट मिळवून ते इलिनॉय विद्यापीठात रुजू झाले. १९१६ पासून ते तेथील मृत्तिका अभियांत्रिकी (सिरॅमिक) विभागाचे प्रमुख होते.

सच्छिद्रतेचे मापन

भाजलेल्या मातीच्या वस्तूंची उपयुक्तता त्यांतील छिद्रांवर अवलंबून असते. माठ पाझरतो म्हणून त्यातील पाणी गार राहते. विजेच्या तारांखालील चिनी मातीचा रोधक मात्र सच्छिद्र असून चालत नाही. वॉशबर्न आणि बंटिंग यांनी यासाठी वायुप्रसरणावर चालणारा सच्छिद्रतामापक तयार केला. बंद कक्षातील पाऱ्याची पातळी खाली नेली की दाब घटतो, नमुन्याच्या छिद्रांतील हवा बाहेर येते आणि तिचे घनफळ अंशांकित नळीत मोजता येते. यातून छिद्रांचे एकूण घनफळ कळे, त्यांचा आकार कळत नसे.

ही उणीव १९२१ मधील एका छोट्या टिपणाने दूर केली. पारा बहुतेक पदार्थांना भिजवत नाही. त्यामुळे तो छिद्रात शिरण्यासाठी दाब द्यावा लागतो. हा दाब छिद्राच्या व्यासाच्या व्यस्त प्रमाणात असतो. हा संबंध वॉशबर्न समीकरण म्हणून ओळखला जातो. वातावरणाच्या दाबाला पारा साधारण १५ मायक्रोमीटर रुंदीच्या छिद्रांत शिरतो, तर त्याच्या ४,००० पट दाबाला सुमारे ४ नॅनोमीटरच्या छिद्रांत पोहोचतो. प्रत्येक दाबाला किती पारा शिरला हे नोंदवल्यास कोणत्या आकाराची छिद्रे किती आहेत, हे समजते. मात्र बंद छिद्रे या पद्धतीत मोजली जात नाहीत आणि अरुंद तोंडाची मोठी पोकळी तिच्या तोंडाच्या आकाराची म्हणून नोंदली जाते.

उत्तरायुष्य आणि वारसा

१९२६ पासून वॉशबर्न अमेरिकेच्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्सचे मुख्य रसायनशास्त्रज्ञ होते. विद्युत अपघटनानंतर उरलेल्या पाण्यात जड हायड्रोजनचे प्रमाण वाढते, हे त्यांनी हॅरोल्ड युरी यांच्यासह १९३२ मध्ये दाखवून दिले. जड हायड्रोजनच्या शोधाबद्दल युरी यांना १९३४ चे नोबेल पारितोषिक मिळाले; त्यापूर्वीच वॉशबर्न यांचे निधन झाले होते.

छिद्रमापनाची त्यांची कल्पनाही त्यांच्या हयातीत कागदावरच राहिली. रिटर आणि ड्रेक यांनी उच्च दाबाचे पारा-सच्छिद्रतामापक १९४५ मध्ये प्रसिद्ध केले. आज सिमेंट, उत्प्रेरके आणि तेलधारक खडक यांच्या अभ्यासासाठी ही पद्धत वापरली जाते. पारा विषारी असल्याने ती वापरताना विशेष काळजी घ्यावी लागते.