पंडिता रमाबाई आणि पंगतीचा प्रश्न

अन्नदानाचे पुण्य सांगणाऱ्या या देशात उपाशी माणसाला ताट देण्याआधी त्याची जात विचारली गेली. ही रीत मोडणाऱ्यांमध्ये पंडिता रमाबाईंचे नाव आम्ही आदराने घेतो. त्या ख्रिस्ती होत्या, आम्ही बौद्ध आहोत. पण धर्माची परीक्षा ग्रंथात नव्हे, पंगतीत होते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

१८५८ साली अनंतशास्त्री डोंगरे या विद्वान ब्राह्मणाच्या घरी त्यांचा जन्म झाला. गावोगाव पुराणे सांगत फिरणारे हे कुटुंब दुष्काळात सापडले. मजुरी करणे जातीच्या अभिमानाला मानवेना. १८७४ मध्ये आईबाप दोघेही गेले. भूक काय असते, हे रमाबाईंना पोथीतून शिकावे लागले नाही.

१८८० मध्ये त्यांनी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी जातीबाहेर विवाह केला. दोनच वर्षांत वैधव्य आले. पुढे इंग्लंडमध्ये समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांची ख्रिस्ती भगिनी मायेने सेवा करताना त्यांनी पाहिल्या. आपल्या शास्त्रांनी ज्यांना शिक्षा सांगितली, त्यांना इथे घर मिळते, हे त्यांच्या मनाला भिडले. १८८३ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुण्यातले सनातनी खवळले. महात्मा फुल्यांनी मात्र १८८५ च्या 'सत्सार'मध्ये त्यांची बाजू घेतली. १८६८ सालीच घरचा हौद अस्पृश्यांना खुला करणारा माणूस दुसरे काय करणार?

१८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन निघाले आणि पुढच्या वर्षी पुण्यात आले. तिथे उच्चवर्णीय विधवांना स्वयंपाकात, जेवणात जातीचे नियम पाळण्याची मोकळीक होती. दार उघडले होते, पण चूल सोवळ्यातच राहिली. ही मर्यादा आम्ही झाकणार नाही.

ती मर्यादा दुष्काळाने तोडली. १८९६-९७ मध्ये रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे ३०० मुली-स्त्रिया घेऊन आल्या. त्यात सर्व जातींच्या होत्या. केडगावच्या शेतावर 'मुक्ती' उभी राहिली. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. भाकरीबरोबर अक्षर मिळाले, विणकाम, छापखाना, शेतीची कामे मिळाली. आश्रित बाई स्वतःच्या कमाईवर उभी राहू लागली. भीक आणि पाहुणचार यांतला फरक हाच.

भाकरी देऊन धर्म बदलला, असा आरोप त्यांच्यावर झाला. उपाशी माणसाच्या भाकरीला कोणत्याही धर्माची अट नसावी, हे आम्हालाही मान्य आहे. पण या मुली रस्त्यावर मरत होत्या, तेव्हा आरोप करणाऱ्यांची दारे का बंद होती, याचाही जबाब द्यावा लागेल.

५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. प्रश्न मात्र आमच्या दारात उभा आहे. विहारात आम्ही भोजनदान करतो. त्या पंगतीतल्या पाहुण्याची पोटजात मनातल्या मनात तरी विचारत नाही ना? बंधूंनो, भगिनींनो, उत्तर आधी आपल्या घरात शोधू या.