कै. इंदिरा गांधी : त्यांचे जीवन, त्यांचे मरण व आमचे मत

आपल्या ज्ञातीच्या स्मरणिकेत श्रीसंत नामदेव महाराजांच्या चरित्रावर दरवर्षी लेख येतात व ते यावेतच. यंदा संपादक मंडळाने मला एखाद्या राजकीय थोर व्यक्तीचे चरित्र लिहिण्याची आज्ञा केली, तेव्हा मी इंदिराजींची निवड केली. याचे कारण खाजगी आहे. आयुष्यातले पहिले मत मी त्यांच्या मृत्यूनंतर दोन महिन्यांच्या आत दिले, आणि ते मत त्यांच्या कार्याला होते की त्यांच्या मरणाला, याचा उलगडा मला अद्याप झालेला नाही.

इंदिराजींचा जन्म दि. 19 नोव्हेंबर 1917 रोजी अलाहाबाद येथे झाला. घर श्रीमंत, परंतु घरातील माणसे वारंवार तुरुंगात. त्यामुळे या एकुलत्या एका कन्येचे बालपण एकाकी गेले. त्यांचे काही शिक्षण आपल्या पुण्यास झाले, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. तेथील प्युपिल्स ओन स्कूल या शाळेत राहून त्या 1934 साली मुंबई विद्यापीठाची मॅट्रिक परीक्षा उत्तीर्ण झाल्या. मी स्वतः मॅट्रिकच्या पुढे फारसा गेलो नाही, म्हणून ही गोष्ट विद्यार्थ्यांना सांगताना मला विशेष आनंद होत असे. पुढे शांतिनिकेतन, नंतर ऑक्सफर्ड. मातोश्री कमलाबाई 1936 साली स्वित्झर्लंडमध्ये निवर्तल्या. 1942 च्या मार्च महिन्यात फिरोज गांधी यांच्याशी विवाह झाला व त्याच वर्षी नैनीच्या तुरुंगाचा अनुभवही आला.

पंडितजींच्या पश्चात त्या शास्त्रीजींच्या मंत्रिमंडळात नभोवाणी खात्याच्या मंत्री झाल्या. शास्त्रीजी ताश्कंद येथे अकस्मात निधन पावल्यावर जानेवारी 1966 मध्ये पंतप्रधानपद त्यांच्याकडे आले. पक्षातील वडीलधाऱ्यांना वाटले होते, की ही अबोल बाई आपल्या तंत्राने चालेल. ते कसे फसले, हे सर्वश्रुत आहे. 1969 साली चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले व पक्ष दुभंगला. 1971 च्या निवडणुकीत गरिबी हटावची घोषणा गावोगाव पोहोचली आणि 352 जागा मिळाल्या. त्याच वर्षाच्या डिसेंबरात बांगलादेश मुक्त झाला. आमच्या नरसीत त्या वेळी कित्येक घरांत देवांच्या तसबिरींशेजारी त्यांचे चित्र लागले. आमच्याही घरी, शिवणयंत्राच्या वरच्या भिंतीवर, ते होते.

ते चित्र 1976 साली खाली उतरले. दि. 25 जून 1975 च्या रात्री आणीबाणी पुकारली गेली. त्यानंतर संततिनियमनाच्या शस्त्रक्रियांचा जो आग्रह, किंबहुना जी सक्ती झाली, तिचा धसका खेड्यापाड्यांनी घेतला होता. आमच्या तीर्थरूपांनी त्या चित्रावर राग काढला नाही. फक्त ते कपाटात ठेवून दिले. मार्च 1977 मध्ये त्यांनी नांगरधारी शेतकऱ्याच्या चिन्हावर शिक्का मारला. हिंगोली मतदारसंघातून जनता पक्षाचे श्री. चंद्रकांत पाटील निवडून आले, आणि तिकडे रायबरेलीत स्वतः इंदिराजी पराभूत झाल्या. जिने निवडणूक जाहीर केली तीच हरली, व हरल्यावर निमूटपणे पायउतार झाली, ही गोष्ट मात्र त्यांच्या खात्यावर जमा धरली पाहिजे. जानेवारी 1980 मध्ये त्या पुन्हा बहुमताने आल्या. आमच्या मतदारसंघानेही त्या वेळी त्यांच्याच पक्षाचे श्री. उत्तम राठोड यांना निवडले. पाठोपाठ जूनमध्ये पुत्र संजय विमान कोसळून गेला.

जून 1984 मध्ये अमृतसरच्या सुवर्णमंदिरात सैन्य गेले. ही वार्ता आपल्या गावाला इतर गावांहून अधिक झोंबली, याचे कारण ज्ञातिबांधवांस सांगावयास नको. नामदेव महाराजांची 61 पदे शिखांच्या ग्रंथसाहेबात आहेत. महाराजांनी उत्तरायुष्यातील काळ पंजाबात घुमान येथे काढला असे परंपरा सांगते, आणि नांदेडच्या गुरुद्वाऱ्यास येणारे शीख यात्रेकरू कयाधूकाठच्या या जन्मस्थानीही मस्तक टेकावयास येतात. तीर्थरूप त्यांच्या पिशव्यांचे उसवलेले बंद फुकट शिवून देत.

दि. 31 ऑक्टोबर रोजी सकाळी राहत्या घराच्या बागेतून जात असताना इंदिराजींच्या दोन अंगरक्षकांनीच त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. ते दोघेही शीख होते. आकाशवाणीने मृत्यूची वार्ता सायंकाळी दिली. तीर्थरूपांनी यंत्र थांबविले, कपाट उघडले, आणि आठ वर्षांपूर्वी उतरवलेले ते चित्र पुसून पुन्हा खिळ्याला लावले. आमच्या आत्याबाई तर घरातले माणूस गेल्याप्रमाणे रडल्या.

त्याच दिवसांत दिल्लीत निरपराध शिखांची कत्तल चालू होती. सरकारी समितीनेच पुढे तेथील मृतांचा आकडा 2733 दिला. आम्हांस मात्र त्याची नीटशी कल्पना नव्हती. त्या हिवाळ्यात नरसीस शीख यात्रेकरू फारसे दिसले नाहीत, एवढेच माझ्या ध्यानात आले होते.

डिसेंबरअखेर मतदान झाले. त्या वेळी मताचा अधिकार एकविसाव्या वर्षी मिळत असे व मी बावीस वर्षांचा होतो. आणीबाणीविषयी वाचून माझे मन विरोधी पक्षाकडे झुकले होते व तसे मी मित्रमंडळींत बोलूनही दाखविले होते. रांगेत माझ्यापुढे आत्याबाई होत्या. आतल्या अधिकाऱ्यांना त्या विचारीत होत्या, की इंदिराबाईंचा हात कोणता. बाई आता हयात नाहीत, हे त्यांना कोणी सांगावे? त्यांना ते पक्के ठाऊक होते. माझी पाळी आली तेव्हा मीही हातावरच शिक्का मारला. विचार करून मारला असे म्हणवत नाही.

देशभर काँग्रेसला त्या डिसेंबरात चारशेहून अधिक जागा मिळाल्या. पंडितजींच्या हयातीतही इतक्या कधी मिळाल्या नव्हत्या. महाराष्ट्रात 48 पैकी 43 आल्या व हिंगोलीत श्री. राठोड पुन्हा निवडून आले. हे सर्व केवळ सहानुभूतीचे फळ, असे म्हणणे मला पटत नाही. हिंगोलीची जागा तर आधीपासूनच त्या पक्षाची होती. शिवाय याच लाटेत मराठवाड्यातील औरंगाबाद, कोकणातील राजापूर आणि पश्चिम महाराष्ट्रातील बारामती येथील मतदारांनी निराळा कौल दिला. दुःख त्यांनाही झालेच असेल. मग आम्हीच का वाहवलो? आणि दिल्लीची हकीकत त्या वेळी संपूर्ण कळली असती तर माझा शिक्का अन्यत्र पडला असता काय? पडला असता असे लिहावयास मन घेते, परंतु आत्याबाईंचा चेहरा आठवला की लेखणी अडते.

मार्च 1985 मध्ये विधानसभेची निवडणूक झाली. अवघ्या अडीच महिन्यांत लाट ओसरली होती. काँग्रेसला सत्ता मिळाली, परंतु 288 पैकी 161 जागांवरच समाधान मानावे लागले. 1980 साली त्या 186 होत्या. त्या दिवशी तीर्थरूप सकाळीच एकटे जाऊन मत देऊन आले व यंत्रावर बसले. चित्र भिंतीवर तसेच होते. मत कोणास दिले, हे मी दोनदा विचारले. त्यांनी अखेरपर्यंत सांगितले नाही.