इंद्रकन्येचा नाटककार : ऑगस्ट स्ट्रिंडबर्ग

भयनाट्य म्हटले की स्मशान, घुबड आणि मध्यरात्रीचे टोल आमच्या डोळ्यांपुढे उभे राहतात. स्वीडिश नाटककार ऑगस्ट स्ट्रिंडबर्ग यांना यांतील कशाचीच गरज भासली नाही. एक प्रतिष्ठित घर, जेवणाची बैठक आणि एक कपाट एवढे त्यांना पुरले.

२२ जानेवारी १८४९ रोजी स्टॉकहोम येथे त्यांचा जन्म झाला. आई विवाहापूर्वी मोलकरीण होती, ही गोष्ट ते जन्मभर विसरले नाहीत. १८७४ पासून आठ वर्षे त्यांनी राजग्रंथालयात नोकरी केली व तेथील चिनी ग्रंथांची सूची करण्यासाठी ते चिनी भाषा शिकले. सरकारी नोकरीत केस पिकलेल्या आम्हांस या तपशिलाचे विशेष कौतुक वाटते! पुढे 'द फादर' (१८८७) व 'मिस ज्युली' (१८८८) या वास्तववादी नाटकांनी त्यांची कीर्ती झाली.

१८९४ नंतर पॅरिसमध्ये मात्र त्यांचे मन ढासळले. पहिला संसार मोडलेला, दुसरा मोडत आलेला. नाटके सोडून ते किमया करू लागले, रसायनांनी हात पोळून रुग्णालयात पडले. शेजारच्या खोलीतून शत्रू आपल्यावर विद्युत्‌प्रवाह सोडतात, असे त्यांना वाटू लागले. या भ्रमातून ते बाहेर आले. पण भिंतीपलीकडची ती चाहूल त्यांनी टाकून दिली नाही. तिचेच त्यांनी नाटक केले.

१९०१ साली लिहिलेल्या 'ड्रीम प्ले' मध्ये साक्षात् इंद्राची कन्या मानवाचे दुःख पाहण्यास पृथ्वीवर उतरते. आमच्या पुराणांतील जयंतीशी तिचे नाते नाही. स्वप्नाप्रमाणे येथे स्थळकाळ विरघळतात. ती एका वकिलाशी संसार थाटते, आणि घरातील दासी थंडी आत येऊ नये म्हणून खिडक्यांच्या फटींवर कागद चिकटवीत राहते. ऊब वाचते, श्वास कोंडतो. परमुलखातील दोन खोल्यांत हिवाळे काढलेल्या गृहिणींस यावर भाष्य नको.

१९०७ साली स्टॉकहोममध्ये त्यांच्या नाटकांसाठी 'इंटिमेट थिएटर' उघडले. आसने अवघी १६१. आमच्या गणेशोत्सवाच्या मांडवातही याहून अधिक माणसे बसतात. अशा जवळिकीत १९०८ च्या जानेवारीत 'घोस्ट सोनाटा' झाले. घराण्याचे सोंग वठविणारा कर्नल. कपाटात राहून पोपटासारखी बोलणारी त्याची पत्नी. अन्नातील सारा कस काढून घेऊन घरच्यांना चोथा वाढणारी स्वयंपाकीण! चाकाच्या खुर्चीतला म्हातारा हुमेल भोजनास येऊन एकेकाची पापे उघडी करतो. तेव्हा कपाटातली ती स्त्री घड्याळ थांबवते, शुद्ध माणसाच्या वाणीने हुमेलचेच पाप उघड करते आणि त्याच कपाटात त्यास मरणाकडे धाडते. आमच्या मते रंगभूमीवर याहून भयंकर क्षण क्वचितच असेल. कारण येथे खरे भय असते ते लपविलेल्या हिशेबांचे. शेवटच्या अंकात मात्र विद्यार्थ्याचे बोलणे आम्हांस लांबलेले वाटते.

या प्रयोगाची त्या वेळी फारशी कदर झाली नाही. १९१० साली ते नाट्यगृह बंद पडले. स्वीडिश अकादमीने नोबेल कधीच दिले नाही. अखेर १९१२ मध्ये लोकांनीच वर्गणी काढून सुमारे ४५ हजार क्रोनर त्यांना अर्पण केले. वर्गणी जमविणे म्हणजे काय, हे आमच्या मंडळाच्या कार्यकर्त्यांस सांगावयास नको! त्यातील बराचसा भाग त्यांनी वाटून टाकला. १४ मे १९१२ रोजी कर्करोगाने त्यांचे निधन झाले, आणि अंत्ययात्रेस सहस्रावधी लोक, त्यांत कामगार मोठ्या संख्येने, चालले.