यंत्रसंशोधक शंकर आबाजी भिसे

विद्यार्थिमित्रहो, तुमच्या हाती असलेल्या वार्षिकाची अक्षरे आज संगणकावर जुळविली जातात. परंतु पूर्वी प्रत्येक अक्षरासाठी शिशाचा एकेक खिळा ओतावा लागे व तो हाताने जुळवावा लागे. ही खिळे ओतण्याची कला वेगवान करण्यासाठी ज्या महाराष्ट्रीय गृहस्थाने आयुष्य वेचले, त्याचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात सादर करीत आहोत.

शंकर आबाजी भिसे ह्यांचा जन्म २९ एप्रिल १८६७ रोजी मुंबईस झाला. बालपणापासून त्यांस यंत्रांचा नाद होता. चौदाव्या वर्षी त्यांनी घरीच कोळशापासून वायू तयार करण्याचे उपकरण बनविले. यंत्रशास्त्राचे शिक्षण त्यांनी बव्हंशी सायंटिफिक अमेरिकन ह्या नियतकालिकाचे अंक वाचून मिळविले. गुरू नव्हता, कार्यशाळा नव्हती. होती ती केवळ जिज्ञासा.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या एका मासिकाने स्पर्धा लाविली. पीठ, साखर असा माल आपोआप तोलून देणारे यंत्र सुचवावयाचे होते. भिसे ह्यांनी मुंबईहून आराखडा पाठविला व इंग्रज यंत्रज्ञांस मागे टाकून पारितोषिक मिळविले. आपल्या बोरीच्या बाजारात वाण्याच्या हातातील तराजू ज्याने पाहिला आहे, त्यास ह्या कल्पनेचे मोल सहज कळेल.

पुढे दिनशा वाच्छा ह्यांचे परिचयपत्र घेऊन ते लंडनास गेले आणि तेथे दादाभाई नौरोजी ह्यांनी त्यांस आश्रय दिला. तेथेच त्यांचे लक्ष मुद्रणाकडे वळले. त्यांनी रचलेल्या यंत्रास भिसोटाइप हे नाव मिळाले. एकेक खिळा ओतण्याऐवजी अनेक निरनिराळे खिळे एकदम ओतावे, ही त्यामागील कल्पना होती. मिनिटास १२०० खिळे ओतण्याची त्याची क्षमता सांगितली जाई. लंडनच्या जाणत्या ओतकामवाल्यांस आरंभी हे खरेच वाटेना.

तथापि शोध लागला म्हणजे कार्य तडीस गेले, असे नव्हे. यंत्र बाजारात आणावयास मोठे भांडवल हवे होते. दादाभाईंनी स्वतःचा पैसा घातला, समाजवादी पुढारी हिंडमन ह्यांस मध्यस्थ केले. परंतु ती खटपट निष्फळ झाली. १९०८ च्या अखेरीस भिसे निराश होऊन स्वदेशी परतले. तेव्हा गोपाळ कृष्ण गोखले ह्यांनी जमशेटजींचे पुत्र रतन टाटा ह्यांच्याशी त्यांची गाठ घालून दिली. टाटांच्या साहाय्याने १९१० मध्ये संशोधनसंस्था उभी राहिली; पण तीही फार काळ टिकली नाही.

इतक्या आपत्तींनंतरही ह्या पुरुषाने हातपाय गाळले नाहीत. पहिल्या महायुद्धाच्या काळात ते अमेरिकेस गेले, न्यूयॉर्क येथे खिळे ओतण्याची नवी यंत्रे त्यांनी सिद्ध केली व औषधे तयार करण्याच्या कामातही यश मिळविले. सुमारे ४० पेटंटे व २०० शोध त्यांच्या नावावर सांगितले जातात. ७ एप्रिल १९३५ रोजी न्यूयॉर्क येथेच त्यांचा अंत झाला. भारताचा एडिसन म्हणून गाजलेल्या ह्या पुरुषाचे आज अनेकांस नावही ठाऊक नसावे, ही खेदाची गोष्ट होय.

ह्या चरित्रापासून आम्हांस दोन बोध घ्यावेसे वाटतात. पहिला विद्यार्थ्यांसाठी: देवाने दिलेली बुद्धी जमिनीत पुरून ठेवलेल्या रुप्याप्रमाणे निरुपयोगी राहू देऊ नये. दुसरा पालकांसाठी: दादाभाईंसारखा पाठीराखा लाभला नसता, तर भिसे ह्यांचे यंत्र कागदावरच राहिले असते. आपला मुलगा वा मुलगी मोडकी सायकल उलगडून बसली, किंवा तिफणीत काही सुधारणा सुचवू लागली, तर त्यांस रागे भरण्यापूर्वी ती काय म्हणतात हे एकवार ऐकून घ्यावे. कोणत्या घरी भिसे वाढत आहे, हे कोणी सांगावे?