दुष्काळपीडितांची आधारवड : पंडिता रमाबाई

दुष्काळ म्हणजे काय, हे पंडिता रमाबाईंना कोणी सांगावे लागले नव्हते. २३ एप्रिल १८५८ रोजी जन्मलेल्या रमाबाईंचे बालपण तीर्थयात्रेत आणि पुराणकथनात गेले. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी समाजाचा रोष पत्करून पत्नीला संस्कृत शिकविले होते. लक्ष्मीबाईंनी तेच ज्ञान मुलीला दिले. मात्र १८७० च्या दशकात मद्रास इलाख्यातील दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण यांचा अंत झाला. उरलेली दोन भावंडे पायी भटकत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचली. तेथील विद्वानांनी रमाबाईंना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्यांनी गौरविले.

पुढे भावाचे निधन झाले. बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी झालेला आंतरजातीय विवाह जेमतेम दोन वर्षे टिकला. १८८२ मध्ये त्यांना वैधव्य आले. कन्या मनोरमेला घेऊन त्या पुण्यात आल्या आणि आर्य महिला समाजाची स्थापना केली. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यानंतर अमेरिकेतून मिळालेल्या मदतीवर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी 'शारदा सदन' सुरू झाले आणि पुढील वर्षी ते पुण्यास हलले. तेथे धर्मांतराच्या प्रश्नावरून वादळ उठले. 'केसरी'ने कठोर टीका केली. १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारख्या हितचिंतकांनीही संस्थेशी संबंध तोडला. अनेक पालकांनी मुली परत नेल्या.

अशा एकाकी अवस्थेत १८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतातील हाहाकाराच्या बातम्या ऐकून रमाबाई स्वतः तेथे गेल्या. अन्नछत्रांत व मदत छावण्यांत निराधार मुलींच्या असहायतेचा गैरफायदा घेतला जात असल्याचे त्यांना दिसले. केवळ अन्न देऊन भागणार नव्हते. या मुलींना सुरक्षित घर हवे होते. त्यांनी सुमारे ३०० स्त्रिया व मुली आणल्या. त्याच वेळी पुण्यात प्लेगची साथ होती. त्यामुळे पुणे-सोलापूर लोहमार्गावरील केडगाव येथे घेतलेल्या शेतजमिनीवर त्यांची व्यवस्था करण्यात आली. हेच 'मुक्ती मिशन'. प्लेगच्या छावण्यांत स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीबद्दल रमाबाईंनी सरकारवर जाहीर टीका करण्यासही मागेपुढे पाहिले नाही.

केडगावला चर्च उभे राहिले आणि त्याभोवती एक स्वावलंबी समाज घडला. शेती, विणकाम, तेलघाणा, छपाई अशी कामे स्त्रियाच करू लागल्या. अंध मुलींसाठी मनोरमाबाईंनी ब्रेल लिपीचे शिक्षण सुरू केले. समाजाने झिडकारलेल्या स्त्रियांसाठी 'कृपा सदन' निघाले. १९०० मध्ये गुजरातेत दुष्काळ पडला, तेव्हा या कामाचा खरा कस लागला. केडगावच्या स्त्रिया गुजरातेत जाऊन निराधार मुलींना घेऊन आल्या. रहिवाशांची संख्या सुमारे २,००० च्या घरात गेली. इतक्या जणींचे अन्न, वस्त्र, पाणी आणि आजारपण सांभाळणे एकट्या रमाबाईंच्या आवाक्यातले नव्हते. काल आश्रयाला आलेल्यांनीच आज नव्याने येणाऱ्यांची शुश्रूषा केली, म्हणूनच ते शक्य झाले.

रमाबाईंच्या धर्मांतराविषयी महाराष्ट्रात दीर्घकाळ कटुता राहिली. उपाशी माणसाला आधार देताना धर्मप्रसार व्हावा का, हा प्रश्न तेव्हाही रास्त होता आणि आजही आहे. परंतु त्या मुलींसाठी दार उघडणारे फार थोडे होते, हेही तितकेच खरे.

अखेरच्या वर्षांत त्यांनी मूळ हिब्रू व ग्रीकवरून बायबलचे मराठी भाषांतर केले. १९१९ मध्ये सरकारने त्यांना 'कैसर-ए-हिंद' पदक दिले. १९२१ मध्ये मनोरमाबाईंचे निधन झाले. तो आघात सोसूनही रमाबाई कामात राहिल्या आणि ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे त्यांनी अखेरचा श्वास घेतला. त्यांचे बायबल १९२४ मध्ये प्रकाशित झाले. दुष्काळाने अनाथ केलेल्या या मुलीने दुष्काळातल्या हजारो मुलींना घर दिले; केडगावची ती संस्था आजही निराधारांना आसरा देत आहे.