आग्वादचा बंदिवान

बारामती आणि इंदापूरच्या माळरानांपासून भीमाशंकरच्या डोंगरापर्यंत पुणे जिल्हा पसरलेला आहे. त्याच्या चौथ्या हिश्शात मावेल एवढा गोमंतकाचा प्रदेश लहान. परंतु या लहानशा भूमीवर 1510 साली पोर्तुगीजांनी जे पाऊल रोवले, ते 1961 पर्यंत निघाले नाही. कवी मोरोपंत कऱ्हेकाठी बारामतीस आपल्या आर्या रचीत होते, त्या काळीसुद्धा गोव्यातील हा परकी अंमल दोनशे वर्षांहून जुना झाला होता. पुढे इंग्रजांचे राज्य भारतात आले आणि गेले, तरी तो टिकूनच होता. त्या अंमलाला निःशस्त्र हातांनी आव्हान देणाऱ्या आणि त्यापायी आपल्या मायभूमीस कायमचे मुकलेल्या एका पुरुषाचे हे चरित्र आहे.

त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांचा जन्म 2 एप्रिल 1891 रोजी सासष्टीतील चांदर या गावी झाला. कोणे एके काळी कदंब राजांची राजधानी असलेले चंद्रपूर ते हेच. कुन्हांचे घराणे सुखवस्तू व सुशिक्षित होते. पणजी येथील शिक्षण आटोपल्यावर त्रिस्तांव फ्रेंचांच्या ताब्यातील पुदुच्चेरीस गेले आणि तेथून पॅरिसला जाऊन विद्युत्-अभियंता झाले. फ्रान्समध्ये त्यांना उत्तम नोकरी मिळाली. एखादा सामान्य मनुष्य तेथेच सुखाने राहिला असता. परंतु जालियनवाला बागेतील हत्याकांडाची वार्ता युरोपात पोहोचली, तेव्हा या अभियंत्याने लेखणी हाती घेतली. भारतात काय घडत आहे, हे फ्रेंच लोकांना कळावे म्हणून त्यांनी तेथील वृत्तपत्रांतून लेख लिहिले आणि फ्रेंच भाषेत महात्मा गांधींचे चरित्रही सिद्ध केले.

1926 साली ते गोव्यास परतले. दैवयोग असा की, त्याच वर्षी मे महिन्यात पोर्तुगालमधील सैन्याने उठाव करून तेथील लोकशाही गणराज्य उलथून टाकले. 1910 साली स्थापन झालेल्या त्या गणराज्याच्या काळात गोव्यातील वृत्तपत्रांना थोडाफार मोकळा श्वास घेता येत होता. आता ते दिवस संपले. सेनाधिकाऱ्यांच्या राजवटीतूनच पुढे सालाझार या हुकूमशहाचा उदय झाला. कोणताही मजकूर छापण्यापूर्वी तो सरकारी तपासनिसाच्या नजरेखालून जाऊ लागला. परवानगीवाचून सभा भरविणे हा गुन्हा ठरला. 1930 साली वसाहतींविषयी नवा कायदा करून गोमंतकीयांना हीन दर्जाचे प्रजाजन लेखण्यात आले. कुन्हांचे मेहुणे लुईस द मिनेझिस ब्रागांझा हे नामांकित पत्रकार होते. त्यांनी गोव्याच्या विधिमंडळात या कायद्याचा निर्भयपणे निषेध केला.

कुन्हा यांनी 1928 साली मडगाव येथे गोवा काँग्रेस समिती स्थापन केली व ती राष्ट्रीय सभेशी जोडली. त्यांचे कार्य केवळ राजकीय नव्हते. गोव्यातील गरीब कुणबी मजुरांना मोठमोठी आमिषे दाखवून आसामातील चहाच्या मळ्यांवर नेण्यात येत असे. तेथे त्यांचे अतोनात हाल होत. कुन्हांनी हा प्रकार चव्हाट्यावर आणला आणि अनेक मजुरांना घरी परत आणविण्यासाठी खटपट केली. 1944 साली त्यांनी एक छोटे पुस्तक लिहिले. परकी सत्तेच्या दीर्घ सहवासाने गोमंतकीय आपले राष्ट्रीयत्व कसे विसरले, हा त्याचा विषय. शत्रूवर टीका करणे सोपे असते. आपल्याच माणसांच्या, आपल्याच आप्तवर्गाच्या डोळ्यांत अंजन घालणे फार कठीण. कुन्हांनी ते केले, आणि त्याबद्दल पुष्कळांचा रोषही पत्करला.

18 जून 1946 हा दिवस गोव्याच्या इतिहासात अमर झाला आहे. मडगावच्या मैदानात भर पावसात लोकांचा प्रचंड समुदाय जमला होता. बंदी मोडून डॉ. राममनोहर लोहिया बोलावयास उभे राहिले, तोच पोर्तुगीज सत्तेच्या अधिकाऱ्याने पिस्तूल बाहेर काढले. लोहियांनी शांतपणे त्याचा हात बाजूस सारला. त्यांना व त्यांचे स्नेही डॉ. जुलियांव मिनेझिस यांना पकडण्यात आले. पण लोकांच्या मनांतील भीती त्या एका क्षणात निघून गेली. त्यानंतर गावोगावी सत्याग्रह होऊ लागले. या चळवळीचे ज्येष्ठ पुढारी कुन्हा होते. सरकारची दृष्टी साहजिकच त्यांच्याकडे वळली.

जुलै महिन्यात त्यांना अटक झाली. त्यांना आग्वाद किल्ल्यात नेऊन एका काळोख्या, दमट कोठडीत एकटेच कोंडण्यात आले. मांडवी नदी जेथे समुद्रास मिळते, तेथे हा किल्ला उभा आहे. पावसाळ्याचे दिवस, समोर खवळलेला समुद्र आणि भोवती ओल आलेल्या दगडी भिंती. कैद्याचे वय होते 55 वर्षांचे. त्यांनी कोणावर शस्त्र उगारले नव्हते, कोणाची कवडीही हिरावून घेतली नव्हती. लेख लिहिणे, सभा भरविणे व स्वातंत्र्य मागणे एवढाच त्यांचा अपराध होता.

त्यांची चौकशी नागरी न्यायालयापुढे झाली असती, तर पुरावा मागितला गेला असता, दोन्ही बाजू ऐकून घ्याव्या लागल्या असत्या. म्हणून सरकारने निराळाच मार्ग काढला. सैन्यातील शिपायाने शिस्त मोडली, तर त्याचा निवाडा लष्करी न्यायालय करते. कुन्हा काही शिपाई नव्हते. तरीही त्यांना लष्करी न्यायालयापुढे उभे करण्यात आले. गोव्यातील एखाद्या नागरिकावर असा प्रसंग येण्याची ही पहिलीच वेळ. न्याय देणारे सेनाधिकारी आणि आरोप करणारे सरकार ही एकाच हाताची बोटे होती. तेव्हा निकाल काय लागणार, हे सांगावयास ज्योतिषी नको होता. त्यांना आठ वर्षांची शिक्षा झाली आणि ती भोगण्यासाठी पोर्तुगालला पाठविण्यात आले.

अटलांटिक महासागराच्या काठी पेनिश नावाचा जुना जलदुर्ग आहे. सालाझारच्या राजवटीला विरोध करणाऱ्या खुद्द पोर्तुगीज देशभक्तांनाही तेथेच डांबीत असत. पुरुषोत्तम काकोडकर, डॉ. राम हेगडे, लक्ष्मीकांत भेंब्रे, लोयोला हे गोव्याचे सत्याग्रहीही तेथे आले. कोणी हिंदू, कोणी ख्रिस्ती. पण बेडी एकच. गोव्यातील उबदार हवेत वाढलेल्या या माणसांनी त्या थंडगार तटाआड वर्षे काढली. 15 ऑगस्ट 1947 रोजी भारत स्वतंत्र झाला, तेव्हा कुन्हा परमुलखात बंदिवासात होते.

1950 साली माफी मिळून त्यांची सुटका झाली. परंतु ही सुटका नावाचीच होती. तुरुंगाचे दार उघडले, देशाचे दार मात्र बंद राहिले. त्यांना पोर्तुगाल सोडण्याची मनाई होती. आणखी तीन वर्षे त्यांनी अशीच काढली. अखेर 1953 मध्ये ते तेथून निसटून पॅरिसला पोहोचले आणि त्याच वर्षी मुंबईस आले. वय 62 वर्षांचे झाले होते, प्रकृती खचली होती. गोव्यात पाऊल ठेवणे तर शक्यच नव्हते. तरीही विश्रांती न घेता त्यांनी मुंबईतील गोमंतकीय संघटनांना एकत्र आणले आणि गोव्याच्या मुक्तीसाठी एक नियतकालिक चालविले.

1955 साली भारतातून सत्याग्रह्यांच्या तुकड्या गोव्याच्या सीमेवर जाऊ लागल्या. मे महिन्यात अशीच एक तुकडी घेऊन पुण्याचे नानासाहेब गोरे गोव्यात शिरले. त्यांच्यासमवेत वृद्ध सेनापती बापटही होते. गोरे यांनाही लष्करी न्यायालयाने दीर्घ मुदतीची शिक्षा दिली व आग्वादच्याच तुरुंगात ठेवले. नऊ वर्षांपूर्वी कुन्हांवर चालविलेले हत्यार आता शेकडोंवर चालत होते. त्याच वर्षी 15 ऑगस्टला सीमेवर निःशस्त्र सत्याग्रह्यांवर गोळीबार झाला आणि वीसहून अधिक जणांनी प्राण गमावले.

26 सप्टेंबर 1958 रोजी मुंबईत कुन्हांचे निधन झाले. त्यानंतर तीन वर्षांनी, 19 डिसेंबर 1961 रोजी गोवा मुक्त झाला. पोर्तुगालच्या जनतेला मात्र आपल्या हुकूमशाहीतून सुटण्यासाठी 1974 पर्यंत वाट पाहावी लागली. 1986 साली कुन्हांच्या अस्थी मुंबईहून आणून पणजीच्या आझाद मैदानावरील स्मारकात ठेवण्यात आल्या. आग्वादचा तुरुंग पुढे कैद्यांविना रिकामा झाला. 2021 पासून तेथे स्वातंत्र्यलढ्याचे संग्रहालय आहे, आणि ज्या कोठड्यांच्या दारांवर पहारे बसत, त्यांतून शाळांची मुले ये-जा करतात.